रेव्हरंड गॉर्डन हॉल आणि १८१२ चे युद्ध

वाचकहो, मुंबई शहरात ज्या अमेरिकन मराठी मिशनाचा आरंभ झाला व ज्याच्या शाखा पुढे अहमदनगर, सातारा व सोलापूर या प्रांतांत पसरल्या, त्या मिशनाचे आद्य प्रचारक रेव्हरंड गॉर्डन हॉल यांचे नाव आपल्यापैकी पुष्कळांच्या कानावर आले असेल. परंतु हा गृहस्थ ज्या वर्षी स्वदेश सोडून निघाला त्याच वर्षी त्याच्या देशाचे व इंग्लंडचे युद्ध जुंपले, आणि ज्या बंदरात उतरून त्याला सुवार्ता सांगावयाची होती ते बंदर त्याच इंग्लंडच्या एका व्यापारी कंपनीच्या ताब्यात होते, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून ज्याच्याकडे पाहिले गेले, ज्याला हद्दपार करण्याचे हुकूम एकामागून एक निघाले, तो अखेर मुंबईत राहिला कसा, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

गॉर्डन हॉल यांचा जन्म तारीख ८ एप्रिल १७८४ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात, टॉलंड या खेडेगावी झाला. अमेरिकेने इंग्लंडपासून फुटून स्वातंत्र्य मिळविल्याचा तह होऊन त्या वेळी एक वर्षही पुरते लोटले नव्हते. मुलगा मोठा झाल्यावर विल्यम्स कॉलेजात गेला व १८०८ साली तेथील पदवी घेऊन बाहेर पडला. याच कॉलेजातील काही विद्यार्थी १८०६ साली मेघगर्जना होऊ लागल्यामुळे एका गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले होते, आणि तेथे त्यांनी परदेशांतील लोकांना सुवार्ता पोहोचविण्याविषयी प्रार्थना केली होती. त्या गंजीखाली हॉल नव्हते. परंतु त्या प्रार्थनेतून जी लहानशी मित्रमंडळी निर्माण झाली तिच्यात ते पुढे सामील झाले. कनेक्टिकट संस्थानातील एका सुस्थितीतील मंडळीने त्यांना पाळक होण्यासाठी बोलाविले असता, आपल्याला दूरदेशी जाणे प्राप्त आहे असे सांगून त्यांनी ते स्थान नाकारले. अँडोव्हर येथील धर्मविद्यालयात काही काळ राहून त्यांनी फिलाडेल्फिया शहरी वैद्यकीचाही थोडा अभ्यास केला. हा थोडासा अभ्यास त्यांच्या आयुष्याच्या अगदी शेवटच्या घटकेपर्यंत उपयोगी पडला, हे पुढे दिसून येईल.

तारीख ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलेम गावच्या टॅबर्नॅकल मंदिरात पाच तरुणांना दीक्षा देण्यात आली. ते पाच म्हणजे गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट, ॲडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूएल व ल्यूथर राइस. अमेरिकेतून परदेशी धाडलेली प्रचारकांची ही पहिली तुकडी होय. जडसन व न्यूएल ही दोन जोडपी कॅराव्हॅन नावाच्या गलबतावर सेलेमहून निघाली. आणि हॉल, राइस व नॉट दांपत्य हार्मनी नावाच्या जहाजावर फिलाडेल्फियाहून निघाले.

आता तारखांकडे वाचकांनी लक्ष द्यावे. कॅराव्हॅन गलबत कलकत्त्यास लागले ते १७ जून १८१२ रोजी. लागलीच दुसऱ्या दिवशी, म्हणजे १८ जून रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी इंग्लंडाविरुद्ध युद्ध जाहीर केले. हार्मनी जहाज कलकत्त्यास पोहोचले ते ८ ऑगस्ट रोजी, म्हणजे युद्ध सुरू होऊन सात आठवडे लोटल्यावर. परंतु समुद्रावर असलेल्या त्या मंडळीला त्याची गंधवार्ताही नव्हती. त्या काळी तार नव्हती, आगबोटी महासागर ओलांडीत नव्हत्या, आणि बातमी वाऱ्याच्या व शिडाच्या चालीने चाले.

या युद्धाची कारणे थोडक्यात अशी होती. इंग्लंड त्या वेळी फ्रान्सच्या नेपोलियनाशी झगडत होते. शत्रूचा व्यापार तोडण्यासाठी इंग्लंडने जे हुकूम काढले त्यांमुळे अमेरिकेच्या व्यापाराचा कोंडमारा झाला. शिवाय इंग्लंडची लढाऊ जहाजे अमेरिकन गलबते अडवून त्यांवरील खलाशी जबरीने आपल्या आरमारात ओढून नेत. आश्चर्याची गोष्ट अशी की, व्यापाराविषयीचे ते जाचक हुकूम इंग्लंडने २३ जून १८१२ रोजी मागे घेतले. म्हणजे युद्ध जाहीर झाल्यावर अवघ्या पाच दिवसांनी. एका बाजूची क्षमा व दुसऱ्या बाजूचा क्रोध अटलांटिक महासागरात एकमेकांना न ओळखता जवळून निघून गेले, असे म्हणावयास हरकत नाही. शेवटही तसाच झाला. तहावर सह्या झाल्या २४ डिसेंबर १८१४ रोजी, युरोपातील गेंट शहरी. पण ती बातमी न पोहोचल्यामुळे ८ जानेवारी १८१५ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे मोठी लढाई होऊन शेकडो माणसे प्राणांस मुकली.

आता कित्येकांची अशी समजूत असते की, या युद्धामुळेच कंपनी सरकारने अमेरिकन प्रचारकांना हाकलून देण्याचा हुकूम काढला. ही समजूत अर्धीच खरी आहे. कलकत्त्यास पहिला हुकूम निघाला तेव्हा युद्धाची वार्ता हिंदुस्थानात यावयाची होती. खरे कारण निराळे होते. १८०६ साली मद्रास इलाख्यातील वेल्लोर येथे शिपायांनी बंड केले होते. तेव्हापासून धर्मोपदेशामुळे लोक बिथरतील व आपला व्यापार आणि राज्य धोक्यात येईल, असे भय कंपनीच्या अधिकाऱ्यांना वाटत असे. म्हणून परवान्यावाचून आलेल्या प्रचारकांना ते टिकू देत नसत. पुढे युद्धाची बातमी आली तेव्हा पहिल्या संशयाला दुसरा संशय जोडला गेला. अगोदर ते केवळ नको असलेले उपदेशक होते. आता ते शत्रूच्या देशाचेही ठरले.

हुकमामुळे ती लहानशी मंडळी पांगली. जडसन व राइस यांनी बाप्तिस्म्याविषयीचे आपले मत बदलले व ते बाप्तिस्त मंडळीस मिळाले. जडसन पुढे ब्रह्मदेशाचे प्रख्यात प्रचारक झाले. न्यूएल दांपत्य मॉरिशस बेटाकडे निघाले; वाटेत त्यांचे तान्हे मूल दगावले, आणि ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएट न्यूएल बाईंनी वयाच्या १९ व्या वर्षी त्या बेटावर देह ठेविला. हॉल व नॉट यांच्या कानी असे आले की, मुंबईस सर इव्हान नेपियन नावाचे नवे गव्हर्नर आले असून ते धर्मशील आहेत. कलकत्त्याच्या सरकारने त्यांना इंग्लंडास पाठवून देण्याचे ठरविले असतानाही ते मुंबईच्या जहाजावर चढले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी या शहरी येऊन पोहोचले.

त्या वेळची मुंबई वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. शहर म्हणजे कोट व त्याबाहेरील वस्ती. शीव येथे डंकन साहेबांच्या कारकिर्दीत बांधलेला बांध ओलांडला की साष्टी बेट लागे. आज जेथे घाटकोपर, मुलुंड, अंधेरी व बोरीवली ही गजबजलेली उपनगरे आहेत, तेथे भातखाचरे, ताडाची झाडे, मिठागरे व कोळ्याकुणब्यांची लहान लहान गावे होती. हे बेट कंपनीने १७७४ साली मराठ्यांपासून घेतले व १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते तिच्याकडे कायम राहिले. खाडीपलीकडे पेशव्यांचा अंमल होता. अशा ठिकाणी हे दोघे उतरले, तोच त्यांच्या पाठोपाठ कलकत्त्याहून पत्र आले की, यांना विलायतेस रवाना करावे.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया या कुशल पारशी कारागिरांनी बांधलेले सागवानी लाकडाचे, ७४ तोफांचे, कॉर्नवॉलिस नावाचे लढाऊ जहाज पाण्यात लोटण्यात आले. याच जहाजाने १८१५ च्या एप्रिलात, तहाची बातमी न पोहोचल्यामुळे, हॉर्नेट नावाच्या अमेरिकन लढाऊ गलबताचा दूर समुद्रात पाठलाग केला, आणि त्या गलबताला आपल्या तोफा समुद्रात फेकून देऊन हलके होऊन पळ काढावा लागला. मुंबईच्या कारागिरांचे हात असे या परक्यांच्या युद्धात गुंतले होते. आणि त्याच मुंबईत, त्याच महिन्यांत, दोन निःशस्त्र अमेरिकन मराठीची बाराखडी गिरवीत बसले होते.

गव्हर्नर नेपियन यांची स्थिती मोठी अवघड होती. मनाने ते या दोघांना अनुकूल होते. परंतु वरिष्ठांचा हुकूम त्यांना टाळता येईना. त्यांनी दिरंगाई केली, दोघांचे अर्ज वर पाठविले, ते निरुपद्रवी व सचोटीचे आहेत असा त्यांच्या वतीने शब्द टाकला. अखेर हुकूम पक्का झाला व जहाज ठरले. तेव्हा १८१३ च्या नोव्हेंबरात हॉल व नॉट हे एका किनाऱ्याच्या गलबतावर बसून गुपचूप दक्षिणेकडे निघून गेले. सिंहलद्वीपी जावे, तेथे कंपनीचा नव्हे तर राजाचा अंमल आहे, तेव्हा तेथे थारा मिळेल, असा त्यांचा विचार होता. नॉट बाई तान्ह्या मुलासह मुंबईतच राहिल्या. गलबत कोचीनपर्यंत पोहोचले आणि तेथे त्यांना अटक होऊन मुंबईस परत आणण्यात आले.

या प्रसंगी आम्ही क्षणभर थांबतो. हे त्यांचे करणे योग्य होते काय? आमच्या खेड्यांतील उपदेशक बंधूंनाही कधी कधी असा पेच पडतो, म्हणून या प्रश्नाला बगल देणे बरे नव्हे. एका बाजूने पाहता पेत्र व योहान यांनी यरुशलेमेतील अधिकाऱ्यांपुढे दिलेला जबाब व पौलाचे दिमिष्कातून टोपलीत बसून निसटणे ही उदाहरणे त्यांच्यापुढे होती. दुसऱ्या बाजूने, ज्या गव्हर्नरांनी त्यांच्या सचोटीबद्दल शब्द टाकला होता त्यांना न कळविता ते निघून गेले, आणि त्या सज्जन पुरुषाला त्यामुळे खाली पाहावे लागले, हेही खरे. गव्हर्नरांचे मन यामुळे दुखावले होते. आम्हास वाटते की, त्यांचा हेतू शुद्ध होता, पण मार्ग कच्चा होता. आणि देवाने त्या मार्गाला यश दिले नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. सिंहलद्वीपाचे दार त्यांना उघडले नाही. जेथून ते पळाले होते तेथेच ते परत आणले गेले, आणि जे कार्य पळण्याने साधले नाही ते उघडपणे उभे राहण्याने साधले.

तो प्रकार असा. डिसेंबरात त्यांना जहाजावर चढविण्याचा दिवस नेमला गेला. आता लपण्यास जागा नव्हती व पळण्यास वाट नव्हती. तेव्हा हॉल यांनी गव्हर्नरांस एक शेवटचे पत्र लिहिले. त्यात त्यांनी युद्धाचा वाद घातला नाही, आपल्या देशाची थोरवी गाइली नाही की कंपनीला दूषणही दिले नाही. आपण कोणाचे राज्य उलथण्यास नव्हे तर ख्रिस्ताची आज्ञा पाळण्यास आलो आहो. आपणास घालवून देणे म्हणजे या देशातील लोकांपासून शुभवर्तमान हिरावून घेणे होय. आणि गव्हर्नर व आपण उभयता एके दिवशी एकाच न्यायासनापुढे उभे राहणार आहोत, तेव्हा तेथे काय उत्तर द्यावयाचे याचा विचार व्हावा, असा त्या पत्राचा आशय होता. गव्हर्नर हेलावले. दोघांची रवानगी लांबणीवर पडली, आणि विलायतेहून निकाल येईतोवर त्यांस राहू देण्यात आले.

विलायतेतही वारे बदलत होते. १८१३ च्या जुलैत पार्लमेंटाने कंपनीची सनद नवी करून दिली, तीत प्रचारकांना परवाना मिळून हिंदुस्थानात येण्याची सोय झाली. तरीही कंपनीचे डायरेक्टर या अमेरिकनांना काढून लावण्याच्या विचारात होते. त्या वेळी चार्ल्स ग्रँट नावाचे वृद्ध व धर्मशील डायरेक्टर पुढे झाले. त्यांनी सर्व कागदपत्रे वाचून या दोघांच्या बाजूने सविस्तर लेख सादर केला, आणि निकाल अनुकूल झाला. ध्यानात घ्या, वाचकहो, त्या वेळी अमेरिका व इंग्लंड यांच्यात रक्त सांडत होते. १८१४ च्या ऑगस्टात इंग्रज फौजेने वॉशिंग्टन शहरात शिरून अध्यक्षांचा वाडा जाळला. आणि त्याच काळात एक इंग्रज गव्हर्नर व एक स्कॉटिश डायरेक्टर शत्रुराष्ट्राच्या दोन तरुणांसाठी आपल्याच सरकाराशी भांडत होते. ख्रिस्तातील बंधुत्व राष्ट्रांच्या वैराहून बळकट आहे हे आपण व्यासपीठावरून वारंवार सांगतो. येथे ते एकदा सरकारी दप्तरात उतरलेले दिसते.

परवानगी मिळाल्यावर कार्यास वेग आला. १८१४ साली न्यूएल सिंहलद्वीपाहून येऊन मिळाले. नॉट मात्र प्रकृती ढासळल्याने १८१५ साली परतले. हॉल यांनी मराठी भाषा इतकी आत्मसात केली की, बाजारात, धर्मशाळेत, देवळाच्या ओट्यावर, जेथे चार माणसे जमत तेथे ते त्यांच्या बोलीत बोलत. १८१६ साली बार्डवेल आले. त्या वर्षीच्या डिसेंबरात हॉल यांचा विवाह मुंबईतील मार्गारेट लुईस या इंग्रज बाईंशी झाला. युद्ध संपून दोन वर्षेही लोटली नव्हती तोच एका अमेरिकनाने व एका इंग्रज स्त्रीने एक घर मांडले, हेही त्या काळचे एक तहनामेच म्हणावे! १८१७ साली मिशनाच्या छापखान्यात मराठी पुस्तके छापण्यास आरंभ झाला. १८१८ साली हॉल व न्यूएल यांनी मिळून लिहिलेले, सर्व जगाला सुवार्ता पोहोचविण्याविषयीचे पुस्तक अमेरिकेत अँडोव्हर येथे प्रसिद्ध झाले व त्याने तेथील मंडळ्यांना जागे केले. त्याच वर्षी नवे साथी आले. ग्रेव्हज हे माहीमास व निकोल्स हे साष्टीतील ठाण्यास राहिले. शहरात मुलांच्या शाळा निघाल्या. १८२३ साली भेंडीबाजारात प्रार्थनामंदिर उघडले. १८२४ साली मुलींची शाळा सुरू झाली. ज्या काळी मुलींच्या हाती पाटी देणे लोकांना विपरीत वाटे त्या काळची ही गोष्ट आहे.

परंतु फळ? येथे आमचे उपदेशक बंधू मनातल्या मनात जो प्रश्न विचारतात तो आम्हास ऐकू येतो. एखाद्या गावी पाच वर्षे राबावे आणि एकही कुटुंब पुढे येऊ नये, असा अनुभव त्यांना आहे. हॉल तेरा वर्षे मुंबईत राबले, आणि त्यांच्या हयातीत या भूमीतील बाप्तिस्मा पावलेले लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. उलट कबरी मात्र वाढत गेल्या. न्यूएल १८२१ साली पटकीने गेले, निकोल्स १८२४ साली गेले, फ्रॉस्ट १८२५ साली गेले. हॉल यांनी आपली लेकरेही या मातीत पुरली. उरलेल्या दोघा मुलांची प्रकृती नीट राहीना म्हणून १८२५ साली त्यांची पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेस निघाली, आणि वाटेत समुद्रावर त्यांतीलही एक मुलगा वारला. हॉल यांनाही बरोबर येण्याचा आग्रह झाला होता. परंतु कामकरी थोडे उरले म्हणून ते मागे राहिले.

२ मार्च १८२६ रोजी दोन ख्रिस्ती तरुणांना बरोबर घेऊन ते घाट चढून नाशिकाकडे निघाले. नाशकात पटकीची साथ भडकली होती. त्यांनी उपदेश केला, पुस्तके वाटली, आणि जवळचे औषध रोग्यांना दिले. औषध संपत आले तेव्हा ते परत फिरले. १९ मार्च रोजी रात्री एका खेड्यातील देवळाच्या ओवरीत ते उतरले. तेथेही रोगी पडले होते. उरलेसुरले औषध त्यांना देऊन झाले. पहाटे स्वतः हॉल यांना पटकीने गाठले. त्या वेळी त्यांच्यासाठी औषधाचा अंशही पुरेसा उरला नव्हता. आपले मरण आले हे ओळखून त्यांनी सोबतच्या तरुणांना धीर दिला, जमलेल्या गावकऱ्यांना येशूकडे वळण्याविषयी सांगितले, पत्नी व मुलांसाठी प्रार्थना केली, आणि देवाचे गौरव करीत काही तासांतच प्राण सोडला. त्यांचे वय बेचाळीस वर्षांस थोडेसे कमी होते. त्या दोन तरुणांनी मोठ्या मिनतवारीने जागा मिळविली, पेटीवाचून, घोंगडीत गुंडाळून आपल्या गुरूला पुरले व ते रडत मुंबईस परतले.

त्याच १८२६ साली, ज्यासाठी हॉल यांनी वर्षानुवर्षे झीज सोसली होती, तो मराठी नवा करार मुंबईच्या छापखान्यात संपूर्ण छापून झाला. पुढे पाच वर्षांनी, १८३१ साली, अहमदनगरास मिशनाचे ठाणे पडले, आणि ज्या पिकाची वाट पाहत हॉल मेले ते पीक घाटावर उगवले. अमेरिकेत वाढलेला त्यांचा मुलगा, तोही गॉर्डन हॉल, नॉर्थॅम्प्टन येथे पुष्कळ वर्षे मंडळीचा पाळक होता.

१८१२ च्या युद्धाने कोणाचीही सीमा फारशी हलली नाही. तहाने दोन्ही पक्षांना जेथले तेथे आणून ठेविले. ज्या खलाशांवरून भांडण पेटले त्यांचे नावही त्या तहनाम्यात आले नाही. कॉर्नवॉलिस जहाज मोडीत निघाले, कंपनी सरकार गेले, आणि १९४७ साली इंग्रजांचे राज्यही गेले. ज्या परक्या उपदेशकाला या सर्वांनी मिळून किनाऱ्यावरून ढकलून द्यावयाचे ठरविले होते, त्याच्या कामातून आलेले पुस्तक मात्र घाटकोपरच्या मंडळीत, मुलुंडच्या प्रार्थनेत आणि घाटावरच्या लहानात लहान खेड्यात दर रविवारी उघडले जाते.

म्हणून, प्रिय उपदेशक बंधूंनो, आपल्या गावी दार बंद दिसत असेल, पाटलाचा किंवा शेजाऱ्याचा संशय आपणावर असेल, वर्षाच्या अहवालात लिहावयास एकही नाव नसेल, तर गॉर्डन हॉल यांस आठवावे. लपून नव्हे तर उघड उभे राहावे, नम्रपणे बोलावे, विरोध करणाऱ्याचाही न्याय ख्रिस्ताच्या हाती सोपवावा, आणि जवळचे औषध शेवटच्या थेंबापर्यंत वाटून टाकावे. कापणी केव्हा व्हावयाची ते धन्याकडे आहे. पेरणी आपणाकडे आहे.